अंदमानला मित्रांबरोबर पहिल्यांदा निघताय? आधी बोटीचं बघा

अंदमानला निघालेले बरेच ग्रुप करतात तीच चूक आम्हीही केली. आधी हॉटेलांचे फोटो पाहिले, मग विमानाची तिकिटं काढली आणि बोटीचा विचार सगळ्यात शेवटी केला. गोव्यात हे खपून जातं, एक बीच आवडला नाही तर स्कूटर काढून दुसऱ्यावर जायचं. अंदमानात एका बेटावरून दुसऱ्यावर जायला बोटच लागते. ती तिच्या वेळेला सुटते आणि हवा बिघडली तर सुटतच नाही. आमचा परतीचा दिवस असा होता: सकाळी हॅवलॉकहून बोट आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून चेन्नईचं विमान. कागदावर झकास बसलं होतं. त्या सकाळी वारा सुटला, बोट रद्द झाली आणि सहा जणांची विमानाची तिकिटं शब्दशः पाण्यात गेली. जेट्टीवर सहाही जण एकमेकांकडे न बघता उभे होते, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवतो, कारण नकाशावर एक नाव दिसतं आणि तिकिटावर दुसरं. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं ३० डिसेंबर २०१८ रोजी बदलली. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता ३० डिसेंबर १९४३ ला, त्याला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षं झाली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. रिक्षावाला, जेट्टीवरचा हमाल, हॉटेलवाला सगळे अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच वापरतो. मूळचं 'ब्लेअर' हे नाव मुंबईच्या आरमारातल्या, म्हणजे बॉम्बे मरीनमधल्या आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्याचं. त्याने १७८९ मध्ये तिथे पहिली वसाहत उभारली.

पहिलं काम: माणसं, तारखा आणि पैसे

सहा हा आकडा सोयीचा. तीन खोल्या, तीन स्कूटर, एक मोठी गाडी. आठच्या वर गेलात की एका टेबलावर जेवण मिळत नाही आणि बोटीला वेळेवर पोचणं हीच रोजची मोहीम होऊन बसते.

तिकिटं काढण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. पाण्याची भीती वाटते का? बोट लागते का? पहाटे उठणार का? तिसरा प्रश्न चेष्टेचा नाही. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे ऐन डिसेंबरातही पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि पाच वाजून गेले की मावळतो. मेमध्ये तर पाचच्या आधीच उजाडतं. सकाळी दहाला उठून नाश्ता करून 'चला, आता बीच' म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस संपलेला असतो.

हंगामाचं सांगायचं तर साधारण ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात, शिवाय ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस डिसेंबरपर्यंत डोकावत असतो. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलचा मध्य. समुद्र शांत असतो आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. ऊन कडक लागतं, पण तुम्ही पाण्यातच असणार.

तारखा नक्की करताना कालनिर्णयही उघडा. अमावास्येच्या आसपास हॅवलॉकला असाल तर रात्री खारफुटीच्या खाडीत छोटी होडी वल्हवत नेतात. वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात. कोकणात थंडीत कधीमधी लाटा चमकताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. पौर्णिमेला गेलात तर चांदण्यात यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्या. बोट, खोल्या, गाडी, जेवण यासाठी सगळ्यांनी सारखी रक्कम एका खजिनदाराकडे जमा करायची. डायव्हिंग, मसाज, शेवंड (लॉब्स्टर) आणि बिअर मात्र टीटीएमएम. शाकाहारी मित्राकडून शेवंडीचा वाटा घेतल्यामुळे मैत्रीत आलेला दुरावा मी पाहिला आहे.

दुसरं काम: बोट आणि विमान एकाच बैठकीत

एका स्क्रीनवर विमान, दुसऱ्यावर बोट असं ठेवूनच बसा. सहा रात्रींचा हिशोब असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, तीन रात्री हॅवलॉक, एक नील, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कापायचा मोह सगळ्यांना होतो, कारण 'तिथे काय करायचं?' काही करू नका, झोपा काढा. पण विमानाच्या आदल्या दिवशी मोठ्या बेटावर परतलेले असा. बोट रद्द झाली तरी हातात एक दिवस उरतो.

पाचच रात्री मिळत असतील तर नील सोडा, हॅवलॉकच्या रात्री कमी करू नका. दर रात्री नवं बेट केलं की सगळी सहल बॅगा भरण्यात आणि जेट्टीवर रांगेत उभं राहण्यात जाते.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. त्या म्हणजे बेटावरच्या लोकांची एसटी. स्वस्त, संथ, डेकवर उभं राहून वारा खाता येतो, आणि तिकीट मिळालं तर मिळालं. खासगी बोटी, म्हणजे मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे, हॅडो जेट्टीवरून सुटतात. त्यांची तिकिटं घरबसल्या काढता येतात. बहुतेक बोटी बंद, एसी असलेल्या असतात आणि हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोचवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खासगीचीच तिकिटं काढावीत. दोन जेट्ट्या वेगळ्या आहेत हे मात्र रिक्षात बसण्याआधी लक्षात घ्या. शक्य तितकी सकाळची बोट घ्या, म्हणजे ती रद्द झाली तरी दुसरं काही बघायला दिवस उरतो.

जेट्टीवर तासभर आधी पोचायचं. ओळखपत्र मूळ असावं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच अर्पण होते. पोट रिकामं नको आणि मिसळीने भरलेलंही नको. बसायला मधली-मागची जागा घ्या, पुढे जास्त आपटतं.

मुख्य भूमीवरून जहाजही जातं. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून निघालात की तीन-चार दिवस लागतात. हौस असेल आणि रजा शिल्लक असेल त्यांनी तेही करावं. बाकीच्यांनी चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान घ्यावं, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. खिडकीची जागा मागा. उतरताना खाली हिरव्या बेटांभोवती फिकट निळी झालर दिसते, ती प्रवाळाची आणि उथळ पाण्याची.

भारतीयांना या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारचा बेत मात्र डोक्यातून काढा, तो आदिवासींसाठी राखीव भाग आहे.

बॅगेत काय

थोडकंच सांगतो. लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा टी-शर्ट, कारण पालथं पडून मासे बघताना पाठ भाजून निघते आणि कळतं ते रात्री. रबरी तळव्याचे, बोटं झाकणारे पाण्यातले बूट. सनस्क्रीन ऑक्सिबेन्झोन नसलेलं घ्या, ते रसायन प्रवाळाला बाधतं. पाण्याची स्वतःची बाटली. खोबरेल तेल, कारण वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पिंढऱ्या फोडून काढतात आणि तेलाचा थर त्यांना आवडत नाही. गाडी चालवण्याचा परवाना. आणि रोख पैसे. चेन्नईपासून टाकलेली समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाली तेव्हापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, तरी छोट्या बेटांवर यूपीआयचं चक्र ऐन वेळी फिरत बसतं. हॅवलॉकला एटीएम आहेत, पण नोटा पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय उडवता येत नाही.

पहिला दिवस: सेल्युलर जेल

सुट्टीची सुरुवात तुरुंगाने कशाला, असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. मराठी माणसाला 'काळं पाणी' हा शब्द शाळेपासून माहीत असतो. तो शब्द प्रत्यक्षात कसा दिसतो, ते बघून मगच निळ्या पाण्याकडे जावं असं मला वाटतं. बांधकाम १८९६ ते १९०६. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, मध्ये टेहळणीचा मनोरा. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. सातांपैकी तीन आज उभ्या आहेत. सावरकरांना इथे १९११ मध्ये आणलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच याच तुरुंगात होते. तेलाच्या घाण्याला माणसं जुंपायचे. तो घाणा बघायला मिळतो.

संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा तुमचा पहिला दिवस सोमवार नाही ना ते बघा. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी खेळाची तिकिटं आधी काढून ठेवा. त्या रात्री आमच्यातलं कोणी जेवताना फार बोललं नाही.

वेळ उरला तर समोरच्या रॉस बेटावर जा. इंग्रजांचा कारभार १९४१ च्या भूकंपापर्यंत तिथून चालायचा. आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी मगरमिठी मारली आहे आणि हरणं हिंडतात.

हॅवलॉक

बेटावर उतरलात की स्कूटर भाड्याने घ्या. ब्रेक आणि दिवे तपासा, आधीच्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोर काढा, हेल्मेट मागून घ्या. रस्ता सोपा आहे: जेट्टीपासून एक फाटा विजयनगर, काला पत्थरकडे पूर्वेला जातो आणि दुसरा बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या, त्यांची ही वस्ती. म्हणून सुपारीच्या बागा, केळी आणि भातखाचरं बघून क्षणभर आपण कोकणात आहोत असंच वाटतं, आणि ताटात मात्र मोहरीच्या वाटणातला मासा येतो. हिंदी सगळ्यांना येते.

राधानगरला २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. तेव्हापासून तिथे गर्दी होते, पण किनारा इतका लांब आहे की दहा मिनिटं चाललं की आपण एकटेच. सूर्यास्त इथून बघायचा, कारण किनारा पश्चिमेला आहे. उलट काला पत्थर पूर्वेला, तो पहाटेचा. ही अदलाबदल करू नका. संध्याकाळी काला पत्थरला गेलेली मंडळी 'सूर्य कुठाय?' असं विचारताना आम्हाला भेटली होती.

आता पाण्यात उतरण्याबद्दल, इथे जरा थांबून वाचा. मुरुडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. मित्रांच्या घोळक्यात माणूस धीट होतो आणि एक पुढे गेला की बाकीचे मागे जातात. म्हणून नियम आधीच ठरवा: दोघादोघांच्या जोड्या, एक जण कायम वाळूत, आणि प्यायलेला माणूस पाण्यात नाही. किनाऱ्यावर दारूला बंदी आहेच. आत ओढणारा प्रवाह ओळखायचा तर लाटा फुटताहेत तिकडे नव्हे, मधे जिथे पाणी गप्प आणि गढूळसर दिसतं तिकडे बघा. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा किंवा नुसतं तरंगत हात वर करा. प्रवाह पुढे जाऊन सोडतो.

दुसरी गोष्ट मगरीची. खाऱ्या पाण्यातली मगर इथे आहे. राधानगरच्या बाजूच्या एका आडोशात २०१० मध्ये एक परदेशी पर्यटक बाई मगरीच्या हल्ल्यात गेली होती. जिथे पाटी लावली आहे, जाळी बांधली आहे किंवा ओढा समुद्राला मिळतो, तिथे उतरू नका. सूर्य मावळला की जीवरक्षक शिट्ट्या मारतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

भरती-ओहोटी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशीला अकराचे पाऊण म्हणजे सव्वाआठ. आमच्यातल्या अलिबागच्या गड्याने हे गणित हॅवलॉकला लावलं आणि साफ तोंडघशी पडला. हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. हॉटेलवाल्याला किंवा होडीवाल्याला विचारा आणि मग रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकवा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी फार मागे जातं आणि प्रवाळ उघडा पडतो. त्यावर पाय देऊ नका. तळपाय कापतो, आणि प्रवाळ जिवंत असतो, मरतो.

एलिफंट बीचला जेट्टीवरून स्पीडबोटीने जातात किंवा जंगलातून चालत. सकाळची पहिली बोट धरा. अकरानंतर तिथे जत्रा भरते.

डायव्हिंग, कोणी करावं कोणी नाही

पोहता येत नसलं तरी पहिली चाचणीची डुबकी मारता येते. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच नेतो आणि बारा मीटरच्या खाली नेत नाही. दमा, हृदयविकार, फिटस्, कानाची शस्त्रक्रिया असं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांना पुण्या-मुंबईतच विचारून या. सर्दी असेल तर त्या दिवशी नाही म्हणजे नाही, मित्र कितीही चिडवोत.

खाली जाताना कानावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर हातभर खोलीला, दुखायला लागण्याआधी. श्वास कधीच रोखायचा नाही. आणि खुणा पाठ करा. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. आमच्यातला एक जण मासे बघून खूश होऊन सारखा अंगठा दाखवत होता आणि बिचारा प्रशिक्षक त्याला सारखा वर आणत होता. मस्त म्हणायचं असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं कडं करायचं.

मिशीवाल्यांसाठी: मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. थोडं व्हॅसलीन लावा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का ते आदल्या दिवशीच विचारावं.

डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नाही. निदान अठरा तास जाऊ द्या, रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. पोर्ट ब्लेअरची ती 'रिकामी' रात्र इथेही कामी येते.

नील

नील छोटं आणि सपाट आहे, सायकलवर होतं. हॅवलॉकहून तासाभरात बोट पोचते. लक्ष्मणपूरचा तो दगडी कमानीचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. भरतीला गेलात तर नुसतं पाणी. भरतपूरच्या किनाऱ्यावर मात्र पाणी भरल्यावर जा. रात्री करायला काही नाही. पत्ते न्या.

बारातांगबद्दल एक मत

टूरवाले बारातांगच्या चुनखडीच्या गुहा हमखास गळ्यात मारतात. त्या रस्त्याने जाताना जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून ठरलेल्या वेळच्या ताफ्यात जावं लागतं. थांबायला, फोटो काढायला, खाऊ द्यायला कायद्याने बंदी आहे आणि गुन्हा दाखल होतो. गाडीत तरी लोक 'दिसतात का, दिसतात का' करत काचेला नाक लावून बसतात. पहाटे तीनला उठून दिवसभर गाडीत बसायचं आणि वर हे, मला पटत नाही. तो दिवस आम्ही हॅवलॉकला दिला. गुहा बघायच्याच असतील तर समुद्रमार्गे बोट जाते का ते विचारा.

परतताना

बॅगा बांधताना खिसे, बूट आणि ओले टॉवेल झटकून बघा. प्रवाळाचा तुकडा किंवा किनाऱ्यावरचा शिंपला नेणं वन्यजीव कायद्यात अडकू शकतं आणि विमानतळावर बॅगा खरंच तपासतात. शंखशिंपल्यांच्या वस्तू दुकानातून घेतल्या तर पावती वरच ठेवा. आमच्या खजिनदाराच्या शॉर्ट्सच्या खिशातून विमानतळावर पांढऱ्या प्रवाळाचा बोटभर तुकडा निघाला. तो शपथेवर सांगत होता की लाटेनेच घातला. जवानाने तो शांतपणे टोपलीत टाकला. टोपली आधीच अर्धी भरलेली होती.